सासऱ्याचा ट्रॅक्टर

ऑगस्टमध्ये रेनो लाहटीला हृदयविकाराचा झटका आला. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी बंद केल्या. सिगारेट, जी तो कधी ओढतच नव्हता. मीठ, ज्यावर त्याने मान डोलावली. आणि बर्फ उपसणं.

"म्हणजे किती बर्फ?" रेनोने विचारलं.

"अजिबात नाही. एक फावडंसुद्धा नाही."

रेनोने बायकोकडे पाहिलं. आयली खिडकीबाहेर बघत होती. बाहेर लख्ख ऊन होतं, पण अमेरिकेच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या त्या काठावर ऑगस्टच्या उन्हाचा भरवसा कुणी धरत नाही. ऑक्टोबर सरता सरता बर्फ सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत तीन पुरुष उंचीचा पडून जातो. लाहटींच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट चांगली शंभर पावलांची. चव्वेचाळीस हिवाळे रेनोने ती जवळजवळ एकट्याने मोकळी ठेवली होती, पत्र्याचं भलंमोठं सुपडं ढकलत, सकाळी न्याहारीआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी. लाकडाच्या गिरणीतली नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन मिनिआपोलिसला गेली, पण सुपडं काही सुटलं नाही.

शेजारचा डेल पेल्टियर दुसऱ्याच दिवशी आला. पंचेचाळिशीचा, मोठ्या आवाजाचा, मनाने चांगला माणूस.

"रेनोकाका, माझ्या गाडीला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेलंच आहे. जाता जाता तुमची वाट साफ करीन. पाच मिनिटांचं काम."

"गेल्या वर्षी मला फ्लू झाला तेव्हा तुझ्या पाच मिनिटांत माझी टपालपेटी गेली."

"नवी लावून दिली ना!"

"वाकडी लावलीस."

डेल हसत हसत गेला. रेनो मात्र हसला नाही. दोन दिवस तो घरात नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. एकदा बाहेर जाऊन सुपड्याचा दांडा हातात धरून बघून आला. तिसऱ्या दिवशी कॉफी ओतताना आयली सहज म्हणाली, "बाबांचा ट्रॅक्टर आहे की."

आयलीचे वडील ऑन्नी रांटा यांचा तो बागेत वापरायचा छोटा ट्रॅक्टर, मोठ्या ट्रॅक्टरचं पिल्लूच म्हणा ना. ऑन्नी गेले तेव्हा तो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या पडवीत आणून ठेवला होता. त्याला बावीस वर्षं झाली. वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर सरपण. रेनोने त्याला कधी हात लावला नव्हता. म्हातारा हयात असताना लावू द्यायचा नाही, आणि गेल्यावर मनाला पटेना.

"तो आता काय चालतोय?" रेनो म्हणाला, पण कप अर्धा टाकून उठला.

आयलीने तिथेच अट घातली. उचलायचं नाही, ओढायचं नाही, ताकद लावायची नाही. "तू खुर्चीवर बसून सांग. मी करते." तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सरपण हलवायलाच एक दिवस गेला. ताडपत्री काढली तेव्हा इंजिनाच्या पत्र्याखाली उंदरांनी गाद्या घातलेल्या होत्या, टाकीत गंज होता, टायरांना भेगा पडल्या होत्या. आयलीने स्पार्क प्लग काढला आणि इंजिनाच्या पुढचं जड चाक हाताने फिरवून पाहिलं. हलेना. पिस्टन आत गंजून धरून बसला होता.

"हातोडा आण," रेनोने खुर्चीवरून फर्मावलं. "लाकडाचा ठोकळा मध्ये धर आणि दे एक ठेवून."

"हातोडा कशाला? तेल सोडू आणि थांबू."

तिने डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून प्लगच्या भोकातून आत सोडलं, भोकात चिंधी कोंबली आणि हात पुसले.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"इंटरनेटवर होतं," आयली म्हणाली.

रोज सकाळी कॉफीनंतर ती पडवीत जायची, थोडं तेल घालायची, चाकाला हलकाच झोका देऊन बघायची आणि परत यायची. रेनो मागोमाग खुर्ची घेऊन. नवव्या सकाळी चाक नखभर हललं. दहाव्या दिवशी वीतभर. अकराव्या दिवशी भोकातून काळं पाणी उडालं आणि चाक पूर्ण फिरलं. आयलीने चष्मा पुसला. रेनोने टाळ्या वाजवल्या.

मग कार्बुरेटर निघाला. आतलं जुनं पेट्रोल सुकून गुळाच्या काकवीसारखं चिकटून बसलं होतं. आयलीने मफिन भाजायचा वाट्यावाट्यांचा साचा आणला आणि प्रत्येक सुटा भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने एकेका वाटीत ठेवत गेली. ब्रशची एक तार उपटून तिने बारीक भोकं मोकळी केली, तोंडाने फुंकलं, उजेडासमोर धरून एक डोळा मिटला. रेनो सूचना द्यायच्या विसरून तिच्या बोटांकडे बघत राहिला. ती बोटं शोधत नव्हती. त्यांना सगळं माहीत होतं.

"आयली, हे इंटरनेटवर नव्हतं."

तिने तार खाली ठेवली. "नाही."

"मग?"

"बाबांबरोबर करायचे. बारा वर्षांची असल्यापासून, दर वर्षी पानगळ झाली की. हाच ट्रॅक्टर."

"आणि चव्वेचाळीस वर्षांत मला एकदासुद्धा सांगितलं नाहीस?"

"तुला गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालायला इतकं आवडायचं, रेनो. मी कशाला मध्ये येऊ?" तिने पुढचंही सांगून टाकलं. "बाबा म्हणायचे, मुलगा लाखात एक आहे, फक्त त्याच्या हातात पाना देऊ नका."

रेनो उठला आणि खुर्ची तिथेच टाकून घरात गेला.

स्वयंपाकघरात तो टेबलापाशी बसून राहिला. म्हातारा त्याला ट्रॅक्टरला हात का लावू देत नव्हता, ते आज सत्तराव्या वर्षी कळलं होतं. आपण परजातीतले नाही, देवाधर्माचे आहोत, दारू पीत नाही, मग आपलं चुकलं काय, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. चुकला होता तो पाना. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. विहिरीचा पंप, ज्याचा बोल्ट पिळता पिळता तुटला होता. हिरव्या गाडीचा पाण्याचा पंप. रात्री हात काळे करून तो झोपायचा तेव्हा पंप गळतच असायचे, आणि सकाळी बघावं तर गळती बंद. आपण छान दुरुस्त केलं असंच त्याला दर वेळी वाटायचं.

त्याने दोन कप कॉफी ओतली आणि पडवीत परत गेला. आयली होती तशीच बसलेली होती.

"माझी हिरवी गाडी," रेनो म्हणाला. "तिचा पाण्याचा पंप मीच दुरुस्त केला होता ना?"

आयलीने कप घेतला. "तू सुरुवात केली होतीस."

रेनोला हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं, त्याने छातीवर हात धरला. आयलीचा कप हिंदकळला. "हळू! हळू हस, मेल्या!" आणि मग तिचाच चेहरा वाकडा झाला.

"अगं, मला काही होत नाहीये. नुसता हसतोय."

"ऑगस्टमध्ये इस्पितळात त्या दाराबाहेर बसले होते ना," ती बाहीने नाक पुसत म्हणाली, "तेव्हा प्रार्थनासुद्धा आठवेना. एकच डोक्यात येत होतं. आता मी कुणाचे बोल्ट घट्ट करायचे?"

रेनो तिच्या शेजारी सरपणावर बसला. दोघांनी कॉफी संपवली. थोड्या वेळाने त्याने मफिनच्या साच्याकडे बोट केलं. "चौथ्या वाटीतलं काय आहे ते?" ती सांगत गेली आणि तो पहिल्यांदाच नुसता ऐकत गेला.

त्याच्या वाट्याचं कामही निघालंच. ट्रॅक्टरला पुढे लावायचं बर्फाचं पातं हवं होतं. ऑन्नींचं कधीच हरवलं होतं आणि तसं आता कुठे मिळत नव्हतं. रेनो फोन घेऊन बसला. गिरणीत सव्वीस वर्षं लाकडाच्या गाड्यांची वजनं केल्यामुळे त्या भागातला एकही माणूस त्याला अनोळखी नव्हता. तीन आठवडे तो बोलत होता. शेवटी पातं सापडलं ते एका निवृत्त पाद्रीबाबांच्या खुराड्यात. कोंबड्यांच्या बाजूने भिंत म्हणून उभं केलेलं.

"कोंबड्यांना थंडी वाजेल," पाद्रीबाबा म्हणाले.

"फळ्या मी आणतो. आणि आयलीच्या हातचे वेलदोड्याचे दोन पाव."

"तीन," पाद्रीबाबा म्हणाले.

पातं बसवायचा सांगाडा आयलीने जुन्या लोखंडी पलंगाच्या पट्ट्यांचा केला. डेलने वेल्डिंग करून दिलं, आणि टपालपेटीचा विषय दोघांनीही काढला नाही.

त्या वर्षी बर्फ लांबला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सरोवरावरून वारा सुटला आणि सकाळपर्यंत गुडघ्याच्या वर बर्फ साचला. आयलीने दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ट्रॅक्टरने निळा धूर सोडून धडधडायला सुरुवात केली. रेनोने टोपी काढून हवेत फिरवली. आयली चढून बसली, पातं खाली सोडलं आणि पुढे निघाली.

दहा पावलं गेली असेल नसेल, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. टायरांना साखळ्या होत्या, तरी पकड नव्हती. पातं बर्फात रुतलेलं आणि ट्रॅक्टरचं ढुंगण हलकं. ती मागे आली, पुन्हा गेली, पुन्हा अडकली.

"वजन कमी पडतंय!" पायरीवरून रेनो ओरडला.

"मग आणते दगड!"

"दगड बर्फाखाली आहेत, बाई!" त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग पडवीतली बटाट्याची रिकामी पेटी पायाने ढकलत आणली. "ही मागच्या आकड्यावर बांध. मी बसतो. दोनशे दहा पौंड, कोटासकट."

"वेडा आहेस का? डॉक्टरीण काय म्हणाली?"

"उपसू नको म्हणाली. बसू नको म्हणाली नाही."

आयली खाली उतरली. मग पेटी दोन पट्ट्यांनी आवळली, घोंगडी घातली, त्याच्या कानावर टोपी ओढली आणि हळूहळू निघाली. या वेळी चाकांनी जमीन धरली. बर्फ पात्यावरून वळत बाजूला पडत गेला. रेनो पाठमोरा बसला होता. त्याला फक्त मागे मोकळी होत जाणारी वाट दिसत होती, आणि तेवढी पुरेशी होती.

रस्त्याशी रस्ता साफ करणाऱ्या सरकारी गाडीने टाकलेला बर्फाचा बांध आडवा होता, दगडासारखा कडक. आयलीने त्यावर तीनदा धडक दिली. तिसऱ्यांदा तो फुटला. पलीकडून डेलची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली.

"रेनोकाका, हे काय चाललंय?"

"वजन," रेनो म्हणाला.

डेल हसत गेला. परतीच्या खेपेसाठी ट्रॅक्टर वळवून आयलीने तो उभा केला आणि खाली उतरली.

"माझी बोटं गारठली. तू चालव. मी बसते पेटीवर."

आयलीची बोटं कधी गारठत नसत, हे रेनोला ठाऊक होतं. तो सीटवर बसला, सासऱ्याच्या ट्रॅक्टरचं चाक हातात धरलं आणि क्लच जरा जास्तच जोरात सोडला. ट्रॅक्टरने उडी मारली.

"सावकाश! डावीकडे घे! डावीकडे, म्हाताऱ्या, लायलॅकचं झुडूप आहे!"

"काय? ऐकू येत नाही!" रेनो ओरडला. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याने डावीकडे घेतलं.