धाकट्याचं कुलूप

नवा कायदा असा होता, की शहराबाहेर जन्मलेल्यांनी नदीकाठची घरं सोडायची. दार मात्र फोडायचं नाही, कुलूपवाल्याकडून नीट उघडून घ्यायचं. माणसं रस्त्यावर आली तरी चालतील, दाराला ओरखडा नको.

नदीकाठच्या शिंपीणकाकूंचं दार उघडायला धाकट्या कुलूपवाल्याने साफ नकार दिला आणि तो कोठडीत गेला. तेव्हापासून गल्लीला दुसरा विषय नव्हता. थोरल्याच्या कुलपांच्या दुकानात येणारा जो तो विचारायचा, "तुम्ही त्यांचेच भाऊ ना?"

कानस कशी धरायची हे ज्याला आपण शिकवलं, त्याचे आपण आता भाऊ! थोरल्याच्या घशाखाली घास उतरेना.

"भावोजींचा डबा घेऊन गेले, तर शिपाईसुद्धा उठून उभा राहिला," बायको म्हणाली.

"मग रोज त्यालाच वाढ. मला शिळं चालेल."

"अहो, किती जळाल? शेगडी पेटवायला नको मला."

तेवढ्यात अधिकारी दारात आला. "काकूंचं कुलूप तुमच्या भावाने बनवलंय. ते कुणालाच उघडता येत नाही म्हणतात. खरं का?"

जायला नकार द्यावा, तर लोक म्हणणार धाकट्याची नक्कल केली. वर हेही म्हणणार, की याला जमलंच नसतं. थोरल्याने हत्यारांची पेटी उचलली.

"अहो, लग्नातला तुमचा कोट काकूंनी शिवलाय," बायको मागून म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

काकूंच्या दारापुढे सगळी गल्ली जमली होती. आत शिलाई मशीन चालू होतं. थोरल्याने कुलपात तार घातली. आत एक फसवा खटका होता. ती त्याचीच शिकवण. पण त्यामागे आणखी एक निघाला, तो त्यालाही ठाऊक नव्हता. थोरल्याच्या कानशिलावर घाम आला. हळूहळू तोही सापडला.

खट्ट.

आतलं मशीन थांबलं.

"शाब्बास!" अधिकारी म्हणाला.

हा शब्द ऐकायला थोरला किती दिवस आसुसला होता. आला तो या तोंडून. दारापलीकडे काकू काहीतरी जड ओढत होत्या, मशीनच असावं. अधिकाऱ्याने कडीकडे हात नेला, तशी थोरल्याने तार उलटी फिरवली.

खट्ट.

"काय झालं? उघडत नाही का?"

उघडत नाही म्हटलं असतं तर सुटला असता. पण मग धाकट्याचं कुलूप जिंकलं असतं, आणि उद्या दुसरा कुलूपवाला आला असता.

"उघडतं की. सगळ्यांदेखत उघडलं. पण उघडून देणार नाही, साहेब. घर त्यांचं आहे."

"कोठडीत जाल."

"वाट माहीत आहे. घरातलंच माणूस आहे तिथे."

निघताना मशीन पुन्हा सुरू झाल्याचं त्याने ऐकलं.

कोठडीत धाकटा धडपडून उठला. "दादा, तू?"

"सरक तिकडे."

धाकट्याने जागा करून दिली.

"शिपाई म्हणाला, माझं कुलूप उघडलंस."

"उघडलं."

"मागचा खटकापण?"

"तोपण."

धाकट्याचं तोंड उतरलं. थोरल्याला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. पण ते फार टिकलं नाही.

"तो मागचा खटका," त्याने भिंतीकडे बघत विचारलं, "कुणाकडून शिकलास?"

"कुणाकडून नाही. मीच काढला."

थोरल्याने भिंतीवरची नजर त्याच्याकडे वळवली. मग म्हणाला, "बरा आहे. बाहेर गेलो की दाखव."