बुजवलेला झरोका

शहाद्याच्या बाजारात माझं गॅसबत्त्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायचं दुकान होतं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एकच सुनवायचो: हवेची भोकं साफ ठेवा, जाळाला श्वास लागतो. लोक ऐकत नसत आणि मी चिडायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्याच घरात होता.

पौषात लेक गजरा बाळंतपणाला आली. मागच्या खोलीत तिला मुलगी झाली. आमची स्वतःची पहिली मुलगी त्याच खोलीत सातव्या दिवशी गेली होती. सटवाईनं नेली, असं सगळे म्हणाले. म्हणून माझी बायको भिकुबाई या वेळी कणभर वारा आत येऊ देईना. झरोक्यात मीच चिंध्या कोंबल्या, वरून शेणमाती लिंपली, दाराला गोधडी लावली. खाटेखाली शेगडी ठेवली. कोळसे अंगणात फुलवायचे आणि धूर गेला की आत न्यायचे. धूर नाही म्हणजे धोका नाही, असंच आम्ही समजत होतो.

चौथ्या दिवसापासून गजराचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. भिकुबाईनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि दाराखालची फटही बुजवायला लावली. मी मुकाट्यानं बुजवली. पण जीव थाऱ्यावर नव्हता. दुकानात पिन हातातून निसटायची, एकच वॉशर दोनदा बसवायचो, दुपारी उगाच घरी चक्कर मारायचो. एक गोष्ट डाचत होती. न्हाणीत गेली की गजरा हसायची-बोलायची आणि खोलीत परतली की तासाभरात डोकं धरून बसायची. नजर काय न्हाणीच्या दाराशी थांबत होती?

आठव्या दिवशी सकाळी एक स्टोव्ह आला. ज्योत पिवळी, बर्नरची भोकं काजळीनं बुजलेली. कोंडून मारलाय तुम्ही याला, असं मी गिऱ्हाइकावर खेकसलो आणि माझंच बोलणं माझ्या कानात वाजलं. हातातली पिन टाकून तसाच घराकडे पळालो.

गोधडी ओढून आत शिरलो. आत धूर नव्हता, वासही नव्हता. गजराला हाका मारल्या, ती डोळे उघडेना. तान्ही तिच्या कुशीत गप्प पडली होती. तान्हीला भिकुबाईच्या हातात दिलं आणि गजराला उचलून अंगणात आणलं. वारं लागेल म्हणून भिकुबाई मागं लागली होती, मी ऐकलं नाही. शेगडी बाहेर फेकली, पहारीनं झरोका फोडला. उन्हात किती वेळ गेला कोण जाणे. मग तान्ही रडली.

"मन्हं डोकं ठणकी ऱ्हायनं, बाबा," गजरा म्हणाली. मी तिथंच मातीत बसून रडलो.

दुपारी डॉक्टर येऊन तपासून गेले. कोंडलेल्या खोलीत निखारे फुललेले असले तरी विषारी हवा सोडतात, तिला ना रंग ना वास, असं त्यांनी सांगितलं. शेगडी पुन्हा आत नेऊ नका, झरोका उघडाच ठेवा, असं बजावलं. भिकुबाई मांडीवर नातीला घेऊन ऐकत होती. ते गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "मंग आपली पहिली पोरले सटवाई नही लई गयी?"

त्या वेळचा झरोकाही मीच लिंपला होता. तिनं नातीला माझ्या मांडीवर ठेवलं, फुटक्या झरोक्याखाली पडलेली शेणमाती दोन्ही हातांनी गोळा केली आणि उकिरड्यावर टाकून आली.