सुवी ग्राबची शिरगणती

हेर (जर्मनमधलं 'श्रीयुत') स्टोयानोविचनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं.

"हे नऊ खोडा. शून्य लिहा."

धम्मदीपाने त्यांचं बोट हळूच बाजूला केलं आणि उमटलेला डाग बाहीने पुसला. सकाळपासूनचा हा तिसरा डाग.

"सरकारी जनगणनेत नऊ माणसं आहेत. दोन हजार बावीस साली. तो कागद तुम्हीच आणून दिलात."

"जनगणनावाले ऑफिसात बसून आकडे भरतात. गावात आता कोणी नाही. मी तिथला आहे, मला माहीत नसणार?"

म्हातारा याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा. पन्नासेक वर्षांपूर्वी दक्षिण सर्बियातल्या सुवी ग्राब नावाच्या खेड्यातून तो जर्मनीत नेकारसुल्मला आला, गाड्यांच्या कारखान्यात त्याने उभी हयात काढली आणि आता गावाचा इतिहास लिहायला घेतला. पुढच्या शनिवारी हाइलब्रॉनच्या एका हॉलमध्ये गावातून जर्मनीत आलेली सगळी कुटुंबं जमणार होती. प्रत्येकाच्या हातात चाळीस पानी पुस्तिका द्यायची, तीही जर्मनमध्ये, कारण नातवंडांना दुसरं काही वाचता येत नव्हतं. धम्मदीपा आणि तिचा नवरा अश्वजित या घरात आले तेव्हा हेर स्टोयानोविचनी आपल्या मुलाला हाताशी घेऊन त्यांचं वॉशिंग मशीन तीन जिने वर चढवलं होतं. म्हणून ती टाइप करून द्यायला तयार झाली. एकच शनिवार, असं बोलणं झालं होतं. आजचा अकरावा. छापखान्याला दुपारी बारापर्यंत फाइल हवी होती आणि साडेदहा वाजून गेले होते.

"संपलं का गं त्यांचं गाव?" अश्वजितने आतून मराठीत विचारलं.

"लोक जुळत नाहीयेत अजून," ती म्हणाली.

खरंच जुळत नव्हते. एकसष्टच्या जनगणनेत गावात तीनशे अठ्ठ्याऐंशी माणसं होती. हेर स्टोयानोविचनी आठवून सांगितलेल्या चौसष्ट घरांची बेरीज मात्र तीनशे एक्केचाळीस येत होती. तिने तीनदा करून पाहिली. तिची नोकरी ब्रेकच्या चाचण्या घेण्याची. न जुळणारा आकडा तसाच पुढे ढकलायला तिचा हात धजत नसे.

"सत्तेचाळीस माणसं कमी पडतात. एखादं घर राहिलं असेल तुमच्याकडून."

"अशक्य. झोपेतून उठवा, चौसष्ट घरं ओळीने सांगतो."

"मग जनगणनाच काढून टाकू."

"नाही, नाही. सरकारी आकडा पाहिजे. त्याशिवाय इतिहास कसला?"

धम्मदीपाने दोन्ही तळव्यांनी डोळे दाबले. मग विषय बदलायचा म्हणून मुखपृष्ठाकडे वळली. गावच्या विहिरीचा फोटो इतका धूसर होता की विहीर आहे की गवताची गंजी, ते कळत नव्हतं.

"याहून चांगला नाही का?"

"आत्ता मागवतो," हेर स्टोयानोविच म्हणाले. त्यांनी फोन लावला, सर्बियनमध्ये दोन-तीन वाक्यं बोलले, आणि पाच-सात मिनिटांत मोबाइल वाजला. त्यांनी तो अभिमानाने तिच्यापुढे धरला. झाडलेला ओटा, नवा दोर. मागे कुंपणावर वाळत घातलेले लहान मुलांचे कपडे.

धम्मदीपाने फोटो मोठा करून पाहिला.

"कोणी काढला हा?"

"बायरामने. चांगला माणूस आहे. माझ्या आईवडिलांच्या कबरी तोच साफ ठेवतो. घराची किल्लीही त्याच्याकडेच असते."

"राहतो कुठे?"

"तिथेच."

"गावात?"

"गावात नाही. ओढ्याच्या पलीकडे. लोहार लोक ते, जिप्सी. पूर्वी बरीच होती त्यांची घरं."

'ओढ्याच्या पलीकडे' हे शब्द तिने जर्मनमध्ये पहिल्यांदाच ऐकले. तिच्या आजीच्या गावी, वाशीमकडे, शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवलेला होता. आजीचं घर जिथे यायला हवं, तिथे भिंत संपत होती.

तिने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

"बायरामच्या घरी कोण कोण असतं?"

"तो. त्याची आई. बायको. भाऊ, भावजय." हेर स्टोयानोविच बोटं मिटत गेले. "त्यांची पोरं, ही तीन आणि..."

डाव्या हाताची बोटं संपली, उजव्या हाताची चार मिटली. ते थांबले. उरलेला एक अंगठा त्यांनी थोडा वेळ तसाच धरला, मग हात टेबलाखाली नेला.

"त्यांना कोणी गावात धरत नसे, फ्राउ दीपा. मी ठरवलेलं नाही हे. हॉलमध्ये लोक मलाच विचारतील, हे काय छापलंस म्हणून."

"पुस्तक तुमचं आहे," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती हळू बोलत होती. "पण शून्य मी टाइप करणार नाही. तुम्ही करा."

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला आणि चहा टाकायला उठली. अकरा आठवडे गेले होते या बेरजेत. पातेलं तिने जरा जोरातच ओट्यावर ठेवलं. अश्वजितने मान वर करून पाहिलं.

ती परतली तेव्हा नऊ जागेवर होते. चौसष्टाव्या घराखाली पासष्ट हा आकडा आणि पुढे नुसतं 'बायराम'. एका बोटाने शोधून शोधून लिहिलेलं, पहिलं अक्षर कॅपिटलऐवजी लहान.

"आडनाव?"

"कधी विचारलं नाही."

त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी बोलणं लांबलं. एका पाकिटाच्या मागे ते ओढ्यापलीकडच्या जुन्या घरांतलीही नावं उतरवू लागले. चार, सहा, अकरा. बारा वाजले, बारा वाजून दहा झाले. छापखान्याचा मेल येऊन पडला होता. तिने तो उघडला नाही.

मग हेर स्टोयानोविचचं पेन थांबलं. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"तो विचारतोय, एवढी सगळी नावं कशाला हवीत."

"तुम्हीच सांगा त्याला," धम्मदीपा म्हणाली.

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडून बायराम दोनदा हॅलो म्हणाला, तिलाही ऐकू आलं. म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि पाकिटावरच्या पहिल्या नावावर बोट टेकवलं.