बत्ताशाचे लंघन

गंगाधरपंत वैद्यांचे पुत्र विनायकराव, विनायकरावांचे श्यामराव, आणि श्यामरावांची थोरली कन्या विनोदिनीबाई. अमरावतीकडून रायपूरला आलेल्या या घराण्यात पोट बिघडले की पहिला दिवस लंघनाचा, हा दंडक होता. तो माणसांसाठी होता. बाईंनी तो सशालाही लावला.

बत्तासा हा त्यांच्या सुनेचा, ममताचा, पांढरा ससा. काल संध्याकाळी त्याने कोथिंबीर हुंगून सोडली, तेव्हा बाईंनी पिंजऱ्यातले वाळके गवतही काढून घेतले. पण सकाळपासून त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. पूजेतले स्तोत्र दोनदा चुकले, चहा निवून गेला. बत्तासा कोपऱ्यात पोक काढून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्या दातांची बारीक करकर ऐकू येत होती. कान हाताला गार लागले. बाई उठत, पाहत, बसत, पुन्हा उठत.

दुपारी ममता बँकेतून जेवायला आली आणि पिंजऱ्यापुढे बसली.

"आई, एकही लेंडी नाही! याचं गवत कुठं आहे?"

"मी काढलं. लंघन चालू आहे त्याचं."

"ससा उपाशी राहिला की त्याचं आतडंच थांबते! त्याले दिवसभर चघळत राहावं लागते, आई."

"मले शिकवून राहिली का तू? आमच्या तीन पिढ्या..."

"त्या पिढ्यांत ससा होता का कोणी?"

बाईंनी तोवर चपला घातल्या होत्या.

तेलीबांध्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बत्ताशाचे पोट चाचपले. अडथळा नव्हता, हालचाल मात्र जवळजवळ बंद पडली होती. त्यांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले, कातडीखाली सलाईन सोडले, गवताची पातळ पेज पिचकारीने गालातून भरवली. मग ममताकडे वळून म्हणाले, "दीदी, खरगोश को कोई भूखा रखता है? आपने ध्यान नहीं दिया?"

ममता गप्प राहिली. ते गप्प राहणे बाईंनी ओळखले. बावीस वर्षांपूर्वी तीन वर्षांच्या नातवाला, ममताच्या वेदांतला, जुलाब लागले, तेव्हाही बाईंनी लंघनच करवले होते. पोर दोन दिवस सलाईनवर होते. आणि बाईंनी नातेवाइकांत सांगितले, त्याच्या आईनेच गोल बाजारात उघड्यावरचे खाऊ घातले. तेव्हाही ममता अशीच गप्प राहिली होती.

"हिने नाही. मी ठेवला उपाशी," बाई म्हणाल्या.

तासाभराने बत्ताशाखालच्या कपड्यावर तीन इवल्या लेंड्या पडल्या. डॉक्टर हसले. बाईंनी डोळे टिपले नाहीत. फोन काढला आणि नणंदेला लावला.

"मंजिरी, वेदांत माझ्या लंघनानं आजारी झाला होता. ममताचा दोष नव्हता. मी खोटं बोलले होते."

"वहिनी, आज काहून हे?"

"उशीर झाला म्हणून."

जिथे जिथे ते खोटे पोचवले होते, तिथे तिथे त्यांनी फोन केला. शेवटचा ममताच्या आईला होता. तो लावताना बाई उठून उभ्या राहिल्या.