फळ्यावरचं ‘येट’

युद्धामुळे देश सोडून आलेल्या, अरबी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवताना बाईंचं डोकं फिरायचं ते ‘येट’वरून. ‘अजून’ म्हणायचं तर हा शब्द लागतो, हे सांगून सांगून घसा बसला, तरी सगळे तो खुशाल गाळायचे.

आज शिवणकाम करणाऱ्या ताईंनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, ‘माझे मिस्टर आले नाहीत.’

बाईंनी फणकाऱ्याने पुढे ‘येट’ जोडलं. “किती वेळा सांगू? अजून आले नाहीत!”

ताई त्या शब्दाकडे बघतच राहिल्या. “बाई, तुम्हाला त्यांची काही खबर लागलीय का?”

बाईंनी खडू खाली ठेवला. “नाही हो. वाक्यात लागतो, म्हणून लिहिला.”

तास संपल्यावर बाईंनी डस्टर उचललं, तशा ताई आडव्या आल्या.

“बाकीचं पुसा, बाई. तेवढा शब्द राहू द्या.”