हालचाल आढळली

स्वयंपाकघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओट्याला टेकून, फ्रिजला खेटून, एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून सगळी गल्ली उभी होती आणि सगळ्यांची नजर एका मोबाईलवर होती. साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या त्या मोबाईलवर बाहेरची खोली दिसत होती. आता ही बाहेरची खोली काही परदेशात नव्हती, भिंतीपलीकडेच होती. मधलं दार ढकललं की माणूस तिथे पोचला असता. पण दार ढकलायचं नाही, बघायचं ते मोबाईलवरच, असा हुकूम होता.

टिंग! ‘हालचाल आढळली,’ अशी अक्षरं उमटली.

“आले! आले बरं का!” वरच्या मजल्यावरच्या काकू किंचाळल्या. “हात जोडा सगळ्यांनी!”

मोबाईलवर रिकामी खोली, रिकामी आरामखुर्ची आणि तिच्यावर भिंतीला टांगलेला घरच्या म्हाताऱ्यांचा फोटो. ते जाऊन वर्ष व्हायचं होतं. फोटोवर सोनेरी उजेड थरथरत होता आणि त्यात चेहरा जिवंत झाल्यासारखा वाटत होता.

“हसले!”

“हसले कुठे, बोलताहेत. ओठ बघा ना!”

“चहा मागत असतील. वेळ झालीच आहे.”

मधोमध स्टुलावर बसलेल्या सासूबाई सगळ्यांकडे आळीपाळीने तोंड वळवत होत्या. “काय दिसतंय? अगं, सांगा ना कोणीतरी मला!” काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याने जेमतेम दिसत होतं. ज्यांच्यासाठी हा एवढा चमत्कार चालला होता त्या सोडून बाकी सगळ्यांना तो दिसत होता.

सून दारातच उभी होती, खांद्यावर पर्स तशीच. ती शाळेत विज्ञान शिकवायची. रोज ती घरी येईपर्यंत चमत्कार आटोपून माणसं चहा पिऊन गेलेली असायची. आज शाळा लवकर सुटली म्हणून हे दर्शन तिच्या नशिबी आलं.

सुरुवात अगदी साधी होती. सासरे गेल्यावर सासूबाई दुपारच्या एकट्या पडल्या. पडल्याधडल्या तर कळावं म्हणून सुनेच्या नवऱ्याने बाहेरच्या खोलीत कॅमेरा बसवला. काही हललं की तो आपोआप रेकॉर्डिंग करायचा आणि मोबाईलवर निरोप धाडायचा. किती हालचालीची दखल घ्यायची, कमी, मध्यम की जास्त, ते आपण ठरवायचं असतं. नवऱ्याने थेट ‘जास्त’ ठरवून टाकलं. “पूर्ण पैसे मोजलेत, मग अर्धवट का वापरायचा?” तो म्हणाला. या घराण्यात पंखासुद्धा बारा महिने पाचावरच फिरतो.

झालं! पडदा हलला, टिंग. माशी फिरली, टिंग. एक दिवस काकूंनी अशी एक क्लिप पाहिली. तीत आरामखुर्ची होती आणि दुसरं काहीच नव्हतं. “काही नसताना रेकॉर्डिंग झालं, म्हणजे काहीतरी असणारच!” असा तर्क लढवून त्यांनी दुसऱ्याच दिवशी क्लिपमहाराजांना आणून उभं केलं.

हे महाराज पूर्वी हात बघायचे, आता मोबाईल बघतात. “आत्मा म्हणजे लहरी, कॅमेरा म्हणजेही लहरी. लहरीला लहर भेटली की क्लिप!” असं त्यांचं शास्त्र. गरजूंना ते मंतरलेले कॅमेरेही विकत. मंत्राची हमी आयुष्यभराची, कॅमेऱ्याची मात्र एकाच वर्षाची.

त्यांनी घर फिरून पाहिलं आणि फर्मान काढलं. उन्हं कलली की पश्चिमेच्या खिडकीचा पडदा सारायचा, त्यांची वाट अडवायची नाही. खिडकीत पाण्याने भरलेलं रुंद भांडं ठेवायचं, ते तहानलेले असतात. पंखा चालू ठेवायचा, त्यांना उकडत असेल. आणि खोलीत चिटपाखरू नको, ते बुजतात. त्या दिवसापासून फोटोवर उजेड नाचू लागला आणि स्वयंपाकघरात गल्ली.

एवढ्यावर भागलं असतं तर सून हसून गप्प बसली असती. पण महाराजांची आणखी एक आज्ञा होती. “आजींच्या डोळ्याला हत्यार लावू नका. त्यांच्या नजरेच्या धाग्यावरूनच ते घरात उतरतात. धागा तुटला की कायमचे गेले!”

काचबिंदूच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख टळली. डॉक्टरांनी सोमवारची दिली आणि सुनेला बजावलं, “गेलेली नजर मला परत आणता येत नाही. उरलेली वाचवता येते, पण ती थांबायला तयार नाही.” सुनेने सासूबाईंना परोपरीने विनवलं. त्या एकच म्हणायच्या, “माझ्या एका डोळ्यापायी त्यांना घराबाहेर घालवू का?” नवऱ्याचं म्हणणं, “आईला बरं वाटतंय ना? मग चालू दे की!” सून त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती. ही बाई हळूहळू आंधळी होणार आणि आपण शाळेत पोरांना डोळ्याची रचना शिकवत बसणार, याची तिला चीड आली होती.

आणि मग काल जेवताना नवरा सहज बोलून गेला, “परवा ढगाळ होतं ना, तेव्हा बाबा आलेच नाहीत. महाराज म्हणाले, रुसलेत.” तिचा घास हातातच राहिला. जन्मात कधी न रुसलेला माणूस मेल्यावर रुसतो, आणि तेही ढग बघून?

आता मोबाईलकडे बघता बघता तिने ओट्याशी उभ्या असलेल्या महाराजांना विचारलं, “महाराज, दार उघडून बघितलं तर काय होईल?”

“भस्म होईल!”

“कोण?”

महाराजांनी जरा विचार केला. “श्रद्धा,” ते म्हणाले आणि त्यांनी गंभीरपणे डोळे मिटून घेतले. ती संधी साधून तिने दार ढकललं.

“अगंऽऽ!” काकूंनी कपाळाला हात लावला. टिंग! पण तिच्यामागून कोणी आलं नाही. दार सताड उघडं, समोर खोली दिसतेय, तरी सगळे मोबाईलमध्येच डोकं घालून, तिचं आता काय होतं ते बघत होते.

काही झालं नाही. तिरकं ऊन खिडकीतल्या भांड्यावर पडलं होतं, पंख्याच्या वाऱ्याने पाणी हलत होतं आणि पाण्यावरून उसळलेला उजेड समोरच्या भिंतीवर, बरोबर फोटोवर, नाचत होता. एवढं उघड होतं की तिला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग.

इथून ओरडून उपयोग नाही, हे तिने ओळखलं. ती सरळ कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. “ऐकू येतंय ना? मग बघा आता.” तिने भांड्यावर वर्तमानपत्र ठेवलं. फोटोवरचा उजेड विझला.

“कोंडलं गं त्यांना!” आतून काकूंचा आवाज आला.

तिने वर्तमानपत्र काढलं, उजेड परत आला. पंखा बंद केला. पाणी हळूहळू संथ झालं आणि उजेडही फोटोवर शहाण्यासारखा स्थिर राहिला. तिने पाण्यात बोट बुडवून ढवळलं, तर तो थेट छतापर्यंत उड्या मारू लागला.

“काकू, या. आता तुम्ही करा.”

काकू घाबरत घाबरत आल्या. पाण्याला बोट लावलं, मान वळवून भिंतीकडे बघितलं, पुन्हा लावलं. “अगं बाई, ही तर मीच!”

मग मात्र रीघ लागली. ज्याला त्याला बोट बुडवायचं होतं. आतल्या गर्दीतून नवराही येऊन रांगेत उभा राहिला, बायकोची नजर चुकवत.

महाराज शेवटी आले. “पाणी हे निमित्त आहे, बाई. विज्ञान संपतं तिथून अध्यात्म सुरू होतं.”

“इथे तर भूगोलसुद्धा संपला नाही, महाराज. सूर्य पश्चिमेला गेला, एवढंच झालंय!”

इतक्यात सासूबाई भिंत चाचपत आल्या. “पोरी, माझा हात धर.” सुनेने त्यांचा हात पाण्यात ठेवला. त्यांनी बोटं हलवली.

“हललं?”

“हललं, आई.”

“मी हलवलं म्हणून?”

“हो.”

“म्हणजे ते आलेच नव्हते?”

खोटं बोलावंसं सुनेला फार वाटलं. “नाही, आई. नव्हते.”

सासूबाईंचे डोळे भरून आले. महाराजांनी लगेच पुढे सरून खांद्यावर हात ठेवला. “आजी, ते आले होते. ऑपरेशन करू देऊ नका, हे त्यांनीच तर मला सांगितलं!”

सासूबाईंनी तो हात झटकला. “असं ते म्हणाले? अहो, माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकल्याशिवाय रोज दिवा मालवला नाही त्या माणसाने. शेवटच्या दुखण्यात हात थरथरायचा, अर्धं औषध गालावर सांडायचं, तरी उठून टाकायचे. ते मला म्हणतील, आंधळी हो? थापा मारायच्या तर आधी माणसाची चौकशी तरी करावी!”

महाराजांना दुसरीकडे एक आत्मा ताटकळत असल्याचं एकदम आठवलं. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि वाट धरली.

सोमवारी ऑपरेशन झालं. गेलेला डोळा गेलाच. डॉक्टर चमत्कार करत नाहीत. पण उरलेली नजर राहिली. महिन्याभराने सासूबाई फोटोसमोर उभ्या राहिल्या, नाकाला काच लागेपर्यंत जवळ. “मिशी वाकडी आलीय यांची,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस कोणी बोललं नाही!” आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

कॅमेऱ्याला माणूस कळत नाही आणि भूतही कळत नाही. आधीच्या चित्राशी तो पुढचं चित्र ताडून बघतो, उजेड बदलला की ‘हालचाल आढळली’ म्हणतो. काय हललं, कशाने हललं, हे शोधणं आपलं काम आहे, आणि ते दुसऱ्याला देण्यासारखं नाही. तेव्हा कोणी कितीही गोड आवाजात म्हणालं, ‘आत जाऊ नका, इथूनच बघा,’ तर मंडळी, आधी आत जा.