इयानच्या लिंबाची चव

चर्चमधली शुक्रवारची मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो. माझ्या जावयाने, इयानने, जेवणाच्या टेबलावर बोटभर उंचीची एक बाटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "पप्पा, पहिले तुम्ही."

हे 'पहिले तुम्ही' काय ते सांगायला हवं. वसईला माझ्या सासुरवाडीत नाताळची वाईन उघडली की पहिला घोट घरातला सर्वांत वडील माणूस घेई. त्याने मान हलवेपर्यंत दुसऱ्या कुणी पेला तोंडाला लावायचा नाही. आणि त्याने एकदा 'बरी झाली' म्हटलं की ती बरी झाली. मग ती कुणाला आंबट लागली तरी तसं बोलायची सोय नसे. इयानचं घरही तिथलंच, त्यांच्याकडेही हीच रीत. या रीतीत मी जन्मभर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. आधी सासरे होते, मग बायकोचे मोठे भाऊ. आपली पाळी यावी असं मला कधी वाटलं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. एखादं पुस्तक कसं आहे असं कुणी विचारलं, तर 'बघा वाचून, आवडेल कदाचित' यापुढे माझी मजल जात नसे.

फ्लोरी, म्हणजे माझी बायको, गेल्यावर मुलीने, लविनाने, मला बहरीनला आणलं. ती इथे हॉस्पिटलात नर्स आहे, इयान झल्लाकच्या एका हॉटेलात कुक. बुदैयाच्या हायवेजवळ त्यांचा छोटा फ्लॅट आहे. त्यातली उजेडाची खोली त्यांनी मला दिली, आणि मी न मागता इयानने भिंतीला फळ्या ठोकून माझी पुस्तकं त्यावर लावली. सासरा म्हणून मी त्याच्यासाठी काय केलं होतं, हे मला आजही आठवत नाही.

त्या बाटलीत लिंबाच्या फ्लेवरचा घट्ट अर्क होता. इयानच्या हृदयात स्टेंट घालावा लागला होता, आणि डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की सिगारेट सुटली नाही तर पुढच्या वेळी त्यांच्या हातात काही राहणार नाही. नुसती सोडून बघितली, जमलं नाही. मग त्याने सिगारेटऐवजी वाफ ओढायचं, पेनासारखं ते व्हेपचं यंत्र घेतलं. डॉक्टरांना तेही फारसं पसंत नव्हतं, पण निकोटिन थोडं थोडं कमी करत शून्यावर आणायचं, या बोलीवर ते गप्प बसले. त्यात भरायचं दुकानातलं तयार लिक्विड इयानला पाकासारखं गोड लागे, म्हणून तो ते घरीच बनवू लागला. कुकचा हात, काटा लावून थेंब मोजणारा. राहिला होता फक्त फ्लेवर. तो म्हणायचा की चव अशी हवी की सिगारेटची आठवण आली तरी हात हिच्याकडेच जावा.

यंत्र ओढून बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं. निकोटिनही अजून घातलं नव्हतं. त्याने कॉफीच्या गाळणकागदाची पट्टी कापून अर्कात बुडवली आणि माझ्या नाकाखाली धरली. मग साखरेच्या पाण्यात एक थेंब टाकून चमचा दिला.

मला भांडी घासायच्या साबणाचा वास आला. दुसऱ्यांदा हुंगलं, तरी साबणच. पण समोर इयान उभा होता, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसा. ही बाटली त्याने कुठून कुठून मागवली होती, किती दिवस तिची वाट बघितली होती, हे मला माहीत होतं. शिवाय माझ्या मनात आलं, आपल्याला काय कळतं? या वयात नाक तरी कितपत भरवशाचं? लिंबाबद्दल मी वाचलं पुष्कळ असेल, पण वाचणं निराळं.

"छान आहे," मी म्हणालो.

इयानने ती पट्टी स्वतः पुन्हा एकदा हुंगली. मग लविनाकडे वळून म्हणाला, "पप्पा बोलले म्हणजे खलास," आणि त्याच दुपारी त्याने मोठी बाटली भरून लिक्विड बनवलं.

पुढच्या दिवसांत तो बाल्कनीत उभा राहून ते ओढायचा आणि आमच्या बाल्कनीला नुकत्याच घासलेल्या भांड्यांचा वास यायचा. ओढून झालं की तो पाणी प्यायचा. हळूहळू त्याचं बाल्कनीत जाणं कमी झालं. मला वाटलं, सवय सुटत चालली. मनातल्या मनात मी स्वतःला थोडी शाबासकीही दिली.

एका संध्याकाळी मी फेरी मारायला खाली उतरलो, तर इयान पार्किंगमध्ये गाडीच्या आडोशाला उभा होता. त्याच्या बोटांत सिगारेट होती. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. दुसऱ्या एखाद्या सासऱ्याने काहीतरी म्हटलं असतं. मी शेजारच्या व्हिलाच्या भिंतीवरून डोकावणाऱ्या खजुराच्या झाडाकडे बघू लागलो, जणू ते मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तसाच पुढे निघून गेलो. परत आलो तेव्हा तो शिफ्टला गेलेला होता.

लविनाला हे ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवरून आली, आम्ही दोघं चहा घेत होतो, तेव्हा तिनेच विषय काढला. इयान पुन्हा ओढू लागलाय, ती रागावून थकली, आता रागावणं सोडून तिला नुसती भीती वाटते. रोज वॉर्डात ती असल्या माणसांना बघत होती. मी विचारलं, मग ते लिंबाचं?

"ते त्याच्या घशाखाली उतरत नाही, पप्पा. पण तुम्ही छान म्हणालात ना. आता तो सांगणार कुणाला?"

 आधी मला काय वाटलं ते सांगायला संकोच वाटतो. मला बरं वाटलं. माझ्या शब्दाखातर कुणी वाईट चव गिळत होतं. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आणि मग लगेच लक्षात आलं की त्या शब्दापायी तो पोरगा परत सिगारेटकडे गेला होता.

सांगायचं ठरवणं सोपं होतं. सांगायला मला शनिवार उजाडला. हिवाळ्यात दर शनिवारी बुदैयाच्या बागेत शेतकऱ्यांचा बाजार भरतो, आणि इयानला सुट्टी असली की तो मला तिथे नेतो. मी गाडीत बसल्यापासून वाक्य जुळवत होतो. एकही पुरतं होईना. बाजारात एका टेबलावर पानांसकट तोडलेली हिरवी लिंबं होती. मी एक उचललं, नखाने साल खरवडली आणि नाकाशी नेलं. कडवट, गार, डोळे मिटायला लावणारा वास. तो तसाच नाकात धरून मी बोलून टाकलं.

"इयान, ते तुझं लिंबू."

"हां, पप्पा."

"वाईट आहे."

त्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती त्याने खाली ठेवली. "किती वाईट?"

"भांड्यांच्या साबणासारखं. मला पहिल्या दिवशीच तसं वाटलं होतं."

"मग छान कशाला बोललात?"

"तुझं तोंड बघून."

"आणि मी तुमचं तोंड बघून इतके दिवस तो साबण ओढतोय," तो म्हणाला आणि हसायला लागला. इतका हसला की लिंबंवाला म्हाताराही आमच्याकडे बघून हसला, त्याला एक अक्षर कळत नसताना. मीही हसलो. पण इयान डोळे पुसताना मला दिसला, आणि ते पाणी नुसत्या हसण्याचं वाटेना.

परत गाडीत बसल्यावर त्याने किल्ली फिरवली नाही. समोर बघत तो बोलत राहिला. इतकी वर्षं सिगारेट ओढून आपली जीभ मेली असेल, अशी भीती त्याला कधीपासून होती. हॉटेलात सॉस चाखताना मनात यायचं, हा खरोखर असा आहे की आपल्यालाच असा लागतो? कुकला हे विचारायचं कुणाला? बाटली उघडल्यावर त्यालाही साबणच लागला होता. पण जिभेवर त्याचा विश्वास नव्हता.

"म्हणून तुम्हाला विचारलं, पप्पा. रीत वगैरे ठीक आहे, पण तुम्ही जन्मात सिगारेट ओढली नाही. या घरात शाबूत नाक तुमचंच. तुम्ही छान बोललात, तेव्हा मला वाटलं, झालं, माझी जीभ गेली. आणि गेलीच आहे तर सिगारेट सोडून आता काय वाचवायचंय?"

 मी खिशातून ते खरवडलेलं लिंबू काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने हुंगलं, दाताने सालीचा कण तोडला.

"कडू," तो म्हणाला. "मग थोडं मिरीसारखं. मग आंबट."

"मलाही तसंच लागलं," मी म्हणालो. मिरी माझ्या लक्षात आली नव्हती, पण त्याने म्हटल्यावर ती होती.

घरी न जाता आम्ही सरळ अरादला गेलो. तिथल्या दुकानात लिंबू-संत्र्याच्या जातीचे जेवढे फ्लेवर छोट्या बाटल्यांत मिळत होते, तेवढे इयानने घेतले. दुपारभर आमचं टेबल पट्ट्यांनी, चमच्यांनी आणि पेल्यांनी भरून गेलं. लविना दमून आली होती. "सासरा-जावयांनी मिळून माझ्या किचनची लॅब केली," असं म्हणत तिने पाय वर घेतले आणि आमची गंमत बघत बसली.

पहिली पट्टी संत्र्याची होती. मी हुंगली आणि "नाही" म्हणालो. इतकं सरळ 'नाही' मी शेवटचं कधी म्हटलं होतं कोण जाणे.

"नुसतं नाही चालणार नाही. का नाही ते बोला."

मी सांगितलं की हे लहान मुलांच्या तापाच्या औषधासारखं आहे. इयानने चाखून मान डोलावली. दुसरं लिंबाच्या गोळ्यांसारखं होतं, नुसती साखर, सालीचा पत्ताच नाही. तिसरं पहिल्यांदा दोघांनाही आवडलं. पण मी म्हटलं, थांबूया, चहा होऊ दे. चहा पिऊन परत ती पट्टी हुंगली, तर लिंबू उडून गेलं होतं आणि विझलेल्या मेणबत्तीसारखं काहीतरी मागे उरलं होतं. इयान म्हणाला, यल्ला, चला, पुढचं. प्रत्येक वेळी आधी मी बोलायचो, मग तो, आणि प्रत्येक वेळी आमचं जमत होतं. एकदा मात्र तो म्हणाला की यात आलं आहे, आणि मला आलं सापडेना. बाटलीवर बारीक अक्षरांत 'आलं' असं लिहिलेलं होतं. लविनाने टाळी वाजवली. इयान लाजला. त्याचा चेहरा बघून मला जे वाटलं, ते मी पुस्तकात कुठे वाचलेलं नाही.

शेवटी एक हिरव्या लिंबाचं राहिलं. त्यात साल होती, कडवटपणा होता, पण शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारी चव, लगेच तुटत होतं. इयानने त्यात कडू संत्र्याचा एक थेंब सोडला, हलवलं आणि चमचा माझ्याकडे दिला. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी घाई केली नाही.

"बरं आहे," मी म्हणालो. "छान नाही."

"बरं चालेल, पप्पा. छान आता मला नकोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला जायच्या आधी त्याने ते यंत्रात भरलं. मी पेपर उघडून बसलो, पण वाचत नव्हतो. तो बाल्कनीत एकदा ओढून थांबला, परत ओढलं, मग दरवाजा सरकवून आत आला. पाणी प्यायला गेला नाही. खिशातून सिगारेटचं पाकीट काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं. हे कुठेही टाका, म्हणाला, फक्त कुठे टाकलं ते मला सांगू नका.

तो गेला. लविना झोपली होती. घरात मी एकटा, आणि हातात पाकीट. देवाचे आभार मानायचे तर मला नेहमी ठरलेल्या प्रार्थनेचे शब्द लागतात. त्या सकाळी स्वयंपाकघरात उभा राहून मी पहिल्यांदा माझ्या शब्दांत मानले. लविनासाठी, तिच्या नवऱ्याच्या हृदयासाठी, आणि या वयात कुणीतरी मला विचारलं आणि माझं 'नाही' ऐकून घेतलं यासाठी. दोघांसाठी मागायचं आणखी पुष्कळ आहे. निकोटिन कमी करण्याच्या पुढच्या पायऱ्या त्याला अजून उतरायच्या आहेत, आणि एखाद्या वाईट दिवशी तो परत पार्किंगमध्ये उभा असेलही. तसं झालं तर या वेळी मी खजुराकडे बघणार नाही, एवढं मी स्वतःशी ठरवलं.

मग मी सिंकपाशी एकेक सिगारेट मोडली आणि नळ सोडला. कोरड्या तंबाखूचा वास वर आला. उबदार, जरासा मधासारखा. आदल्या दिवशी हुंगलेल्या कुठल्याही बाटलीहून तो चांगला होता.

हे मात्र मी इयानला सांगितलं नाही.